हात सुटला की मी थांबते

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. गवत कापायची, बॅटरीवर चालणारी. जुनी म्हणजे किती, असं विचाराल तर हा माझा तिसरा उन्हाळा. तेवढ्यात कोणी म्हातारं होतं का? पण गडचांदूरच्या या घरात मला सगळे 'जुनी मशीन' असंच म्हणतात. नवी कोणी आलेलीच नाही, मग मी जुनी कशी झाले, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

माझी जागा व्हरांड्याच्या कोपऱ्यात, चपलांच्या शेजारी. माझ्या दांडीवर ओले टॉवेल वाळत घालतात. माझ्या पुढच्या अंगावर चुनखडीचा एक दगड बांधलेला आहे, तोही मासे धरायच्या जाळ्याच्या तुकड्यानं. गवत कापायच्या मशीनवर दगड कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. तो दगड तिथं कसा आला, तेच मी सांगणार आहे. सांगताना मी चिडले तर समजून घ्या. मी मुळात शांत स्वभावाची नाही आणि या घरानं मला शांत राहूही दिलेलं नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. एकानं चाकं बसवली, एकानं मोटर, एकानं पातं. शेवटी एका माणसानं बॅटरी घालून मला थोडा वेळ चालवून पाहिलं. काय तो आनंद! पण पात्याखाली गवत नव्हतं, रबराची चटई होती. त्यानं मान डोलावली, मला बंद केलं आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते चंद्रपूरला, गुणवंतरावांच्या शेती अवजारांच्या दुकानात. त्यांनी मला काचेमागे उभं केलं आणि शोभा म्हणून खाली हिरवळ अंथरली. प्लास्टिकची! भुकेल्या माणसापुढं मेणाची फळं ठेवावीत, तसा तो प्रकार होता.

दुकानात फवारणीचे पंप आणि मोटारी घ्यायला शेतकरी यायचे. माझ्याकडे बघून हटकून विचारायचे, "हे धान कापते का?" गुणवंतराव म्हणायचे, "नाई." मग ते म्हणायचे, "मंग कायच्या कामाची?" आणि पुढं जायचे. मी काचेमागे जळफळत राहायचे, माझा पहिला उन्हाळा त्यातच गेला. अरे, मी धान कापायला जन्मलेच नाही! पण ऐकतो कोण.

असं असताना एक दिवस रंजीता आणि तिचा नवरा हेमराज दुकानात आले. रंजीता गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. हेमराज सूरजागडच्या बाजूला लोहखनिजाचा ट्रक चालवतो, सुटी मिळेल तसा घरी येतो. त्यांना घरापुढच्या छोट्या लॉनसाठी मशीन हवी होती.

"हे घ्या म्याडम, पेट्रोलची," गुणवंतराव म्हणाले. "भल्ली दमदार हाय. दोरी ओढा अन् आवाज आयका."

हेमराजनं दोरी ओढली. दुकान हादरलं. त्याचा चेहरा खुलला. "हेच घेऊ रंजू. ट्रकसारखी गरजते."

"अवो, त्या आवाजानं बाबा दचकन," रंजीता म्हणाली. "अन् लॉन केवढं हाय आपलं? सहा खाटा टाकल्या तं भरून जाते. त्याले ट्रक कायले पाह्यजे?"

मग गुणवंतरावांनी वायरवाली मशीन पुढं ओढली. ती हलकी होती आणि माझ्यापेक्षा स्वस्तही. हेमराजला पटली. रंजीता मात्र तिच्या लांब वायरकडे बघत राहिली.

"ही वायर कोणी गुंडाळून ठेवन का, भाऊ? आमच्या घरी तं नाई ठेवन. तिथीच पडून राहीन. बाबाचा डावा पाय उचलत नाई, घासत येते. पायात वायर आली तं गेले ना पुन्हा खाली."

आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. मित्रांनो, निवड काय असते ते त्या दिवशी मी पाहिलं. तिनं मला उचलून वजन बघितलं. दांडी दुमडून पाहिली. एका बॅटरीत सगळं लॉन होईल का, बॅटरी घरात आणून चार्ज करता येईल का, पातं किती वर किती खाली करता येतं, हे सगळं विचारलं. शेवटी तिनं माझ्या दांडीवर आपला सगळा भार टाकला. दांडी वाकते का, ते तिला बघायचं होतं.

"म्याडम, कापायची मशीन हाय ते, झोका नाई," गुणवंतराव हसून म्हणाले. मग त्यांनी तिला दांडीखालची पट्टी दाखवली. "हे अशी दाबून धराची, तवाच मशीन चालते. हात सुटला का बंद. कोणी पडलं-झडलं तं पातं तिथीच थांबते."

"हेच पाह्यजे," रंजीता म्हणाली.

मला धन्य वाटलं. बॅटरी उन्हात ठेवू नका, पोटाखालचं गवत साफ करा, पाणी लागू देऊ नका, हेही गुणवंतरावांनी नीट सांगितलं. पण तेव्हा हेमराजचा फोन वाजला होता आणि रंजीता चारचाकीत मी मावेन का ते बघायला बाहेर गेली होती. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या महत्त्वाच्या सूचना दुकानातल्या एका रिकाम्या स्टुलानं ऐकल्या.

आता ज्यांच्यासाठी मला आणलं, त्या रामाजींबद्दल सांगते. रामाजी म्हणजे रंजीताचे वडील. नागभीडकडच्या एका गावात मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, मासे धरण्यात त्यांचा जन्म गेला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जाळं फेकणारा माणूस. मग लकवा आला आणि डावं अंग गेलं. बोलणं परत आलं, हातही थोडा आला. पाय येईल, पण चालाल तर येईल, असं डॉक्टर म्हणाले. रंजीतानं आईवडिलांना आपल्याकडे आणलं. इथं एक दिवस रामाजी हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर पडले. हाड मोडलं नाही, पण धीर पार मोडला. तेव्हापासून ते खिडकीशेजारच्या खाटेवर बसून असायचे. न्हाणीघरापर्यंत जायचं तर एका बाजूनं लेक आणि दुसऱ्या बाजूनं बायको.

डॉक्टरांनी सांगितलं, मऊ जमिनीवर अनवाणी चालवा. या गावात मऊ जमीन कुठून आणायची? जरा खणलं की चुनखडीचा दगड. शेजारच्या सगळ्यांनी घरापुढं सिमेंट टाकून घेतलेलं. रंजीतानं ट्रॅक्टरनं माती आणवली आणि गवत लावलं. ते गवत आखूड राहायला हवं होतं, म्हणजे रामाजींचा घासत येणारा पाय त्यात अडकणार नाही आणि साप आला तर दिसेल. रामाजी पुन्हा स्वतःच्या पायांनी चालतात की नाही, एवढा एकच प्रश्न त्या घरात होता. तो सोडवायला मला आणलं होतं. आता सांगा, एवढं मोठं काम अंगावर असलेल्या मशीनला तुम्ही कसं वागवाल?

पहिला दिवस फार छान गेला, हे मी कबूल करते. रंजीतानं मला गवतावर लावलं, पट्टी दाबली आणि मी सुटले. खरं गवत! त्याचा तो ओला वास! मी एका दमात सगळं लॉन सतरंजीसारखं सारखं करून टाकलं. वच्छलाबाई, म्हणजे रंजीताची आई, दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अजी, पाहा ना इकडं," त्यांनी रामाजींना हाक मारली. "किती साजरं दिसून राह्यलं!"

"दिसू दे," रामाजी खिडकीतून म्हणाले.

दोघी मायलेकींनी त्यांना धरून पायरीपर्यंत आणलं. त्यांनी उजवा पाय गवतावर टेकवला. डावा पाय उचलायची वेळ आली तशी त्यांनी टेकवलेला पायही मागं घेतला.

"उद्या पाहू," ते म्हणाले.

मित्रांनो, या 'उद्या'ची मला भयंकर चीड आहे. दर आठवड्याला मी गवत कापायचे, दर आठवड्याला रामाजी पायरीपर्यंत यायचे आणि उद्यावर टाकून परत जायचे. मग पायरीपर्यंत येणंही बंद झालं. मी ज्यासाठी राबत होते तेच होत नव्हतं. तुम्ही रांगोळी काढावी आणि कोणी दारच उघडू नये, असं काहीसं वाटायचं.

त्यात चंद्रपूरचा उन्हाळा. रंजीता मला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायची आणि बॅटरी माझ्या पोटातच विसरायची. पत्रा इतका तापायचा की बॅटरी हाताला चटका देई. चार्जरला लावली की चार्जर लाल दिवा दाखवायचा. तो सांगायचा, बाई, ही तापली आहे, हिला थंड होऊ दे. रंजीताला वाटायचं, चार्जर बिघडला. ती प्लग काढून पुन्हा घालायची, पुन्हा लाल. एकदा ती ड्युटीवर गेल्यावर वच्छलाबाईंनी उपाय केला. त्यांनी बॅटरीला ओलं फडकं गुंडाळलं आणि माठाशेजारी ठेवली. ओलं फडकं! बॅटरीला! रंजीतानं संध्याकाळी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"माय, काऊन केलं असं?"

"तापली व्हती ना बिचारी," वच्छलाबाई म्हणाल्या.

आता या बाईवर मी रागवू तरी कशी? पण रागवले. त्या दिवसापासून माझी बॅटरी लवकर दमायला लागली. लॉनचा शेवटचा पट्टा राहून जायचा आणि वच्छलाबाई तो विळ्यानं कापायच्या. माझ्या डोळ्यांदेखत. विळ्यानं.

पावसाळ्यात गवत माजलं. ओलं गवत माझ्या पोटाला चिकटून वाळलं, त्यावर नवं चिकटलं. कोणी म्हणून मला उलटं करून एक काडी मारली नाही. मी धापा टाकत काम करत होते आणि रामाजी खिडकीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते.

पोळा झाल्यावर वच्छलाबाई गावाला जाऊन आल्या. येताना त्यांनी डोक्यावरून एक भलं मोठं गाठोडं आणलं. सोडलं तर आत रामाजींचं जाळं. नायलॉनचं, फेकायचं, काठाला शिशाच्या गोळ्या लावलेलं.

"जाळं कायले आणलं, माय?" रंजीतानं विचारलं. "इथी कुठी हाय तलाव?"

"तुह्या बापासाठी आणलं. डाक्टर झाला, गवत झालं, मशीन झाली. आता मले माह्या मतानं करून पाहू दे. जाळं समोर दिसन तं जीव लागन त्यायचा."

आणि त्यांनी ते जाळं लॉनवर पसरलं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पसरतात तसं, चारी बाजूंनी ओढून. मी कापलेल्या गवतावर! दुकानातल्या काचेमागे गेलेल्या दिवसांनंतर इतका अपमान मला वाटला नव्हता. ते जाळं पाहून रामाजींनी काय केलं? त्यांनी खिडकीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. वच्छलाबाईंचे डोळे भरून आले. पण त्या हट्टी. रोज सकाळी पसरायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या. पुढं पुढं गोळा करणंही सोडलं. जाळं तिथंच पडून राहिलं आणि गवत त्याच्या घरांमधून वर येऊ लागलं.

एका दुपारी रंजीता पहिल्या पाळीवरून घरी आली. वच्छलाबाई बाजारात गेल्या होत्या. गवत बघून रंजीताचा पारा चढला. तिनं जाळं ओढून अर्ध्या लॉनवर सारलं आणि उरलेलं अर्धं तरी कापून घेऊ म्हणून मला बाहेर काढलं. पण गवत एवढं वाढलेलं की जाळ्याचा काठ नेमका कुठं संपतो ते दिसत नव्हतं. मला दिसत असेल, असं कोणाला वाटत असेल तर सांगते, गवतात लपलेलं मलाही दिसत नाही. मी पुढं गेले.

आधी ठण्ण झालं. शिशाची गोळी पात्यावर आदळून फाटकावर जाऊन बसली. मग दुसरी. मग नायलॉन माझ्या पात्याच्या आसाला गुंडाळू लागलं. मी जेवढा जोर करावा तेवढं जाळं आत ओढलं जाई. रंजीतानं हात सोडेपर्यंत हातभर जाळं माझ्या पोटात गेलं होतं. मोटर गुरगुरली आणि जळका वास सुटला. नंतर तिनं किती वेळा पट्टी दाबली तरी मी हलले नाही.

तेवढ्यात वच्छलाबाई भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या.

"तुह्या मशीननं तुह्या बापाचं जाळं खाल्लं!"

"माय, मशीन जळली माही! तूच पसरून ठेवलं ना जाळं? सांगून सांगून थकली मी!"

"जाळ्यात त्यायचा जीव व्हता, रंजू. तुह्या मशीनमधी नाई."

"मंग पाहिलं का त्यायनं एक तरी डाव? तोंड फिरवून झोपले ना!"

दोघी रडकुंडीला येऊन भांडत होत्या. माझी चौकशी कोणीही केली नाही. रंजीतानं निदान बॅटरी आणि चावी काढून घेतली, तेवढं एक शहाणपण. मग ती आत जाऊन विळा घेऊन आली.

"कापून काढते आता हे जाळं. मशीन तं सुटन."

"काप बा," वच्छलाबाई खाली बसत म्हणाल्या. "आता काय राह्यलं त्याच्यात."

रंजीतानं माझ्या पोटातून बाहेर आलेलं जाळं मुठीत ताणून धरलं आणि त्याला विळा लावला.

"ए! हात नको लावू त्याले!"

हा आवाज खिडकीतून आला नाही, मित्रांनो. दारातून आला. रामाजी चौकट धरून उभे होते. खाटेवरून दारापर्यंत ते कसे आले, ते त्यांना आजही सांगता येत नाही. रंजीताच्या हातातला विळा तसाच राहिला. वच्छलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. दोघींपैकी एकीलाही पुढं जायचं सुचलं नाही.

रामाजींनी चौकट सोडली. भिंतीला हात लावत ते पायरीवरून उतरले. एक पाय गवतात, मग डावा, घासत. त्यांच्या तोंडातून शिव्या चालल्या होत्या, त्या मी इथं सांगत नाही. "विळा लावते जाळ्याले! सोडवावं लागते ते! कापते का कोणी!" असं म्हणत ते माझ्यापर्यंत आले आणि तिथंच त्यांचा तोल गेला. समोर माझी दांडी होती. त्यांनी ती आधी उजव्या हातानं धरली, मग डाव्यानं.

त्यांचा सगळा भार माझ्यावर आला आणि माझी पुढची चाकं उचलली गेली. आता आम्ही दोघंही मागं कोसळणार, हे मला कळलं. मी काय करू शकत होते? माझ्यात जीव नव्हता. तेवढ्यात वच्छलाबाई उठल्या आणि धाडकन माझ्या पुढच्या अंगावर येऊन बसल्या. चाकं खाली टेकली. रामाजी उभे राहिले.

ते चित्र डोळ्यांपुढं आणा. जळलेली मशीन, तिच्या पोटात जाळं, पुढच्या अंगावर भाजीची पिशवी धरून बसलेली बाई आणि दांडी धरून उभा असलेला, रागानं लाल झालेला माणूस. रंजीता हसत होती की रडत होती ते मला ठरवता आलं नाही.

ते जाळं सोडवायला पुढचे कितीतरी दिवस लागले. रामाजी गवतावर बसायचे, मला आडवं पाडायचे आणि एक एक धागा ओढायचे. त्यांचा डावा हात धागा धरून ठेवू शकत नव्हता. धागा सुटायचा, ते चिडायचे, मला थोपटायचं सोडून बुक्की मारायचे आणि पुन्हा धरायचे. काही भाग कापावाच लागला. पण बरंचसं जाळं निघालं.

मी मात्र गेले ती गेलेच. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, मोटर नागपूरला घेऊन या, भाग मागवावा लागेल. हेमराज सुटीवर आल्यावर त्यानं पान्यानं माझी मोटर काढली, पातं काढलं, पिशवीत भरलं आणि नेलं. नागपूरला त्याची फेरी कधी होणार, आणि भाग कधी येणार, कोणालाच माहीत नव्हतं. माझं उरलं काय? चार चाकं, एक रिकामं पोट आणि दांडी.

"ते मशीन आन इकडं," एका सकाळी रामाजी पायरीवर बसून म्हणाले. "तिले धरून चालून पाहतो."

रंजीतानं चालायला मदत होईल असा वॉकर आणायची तयारी दाखवली. दवाखान्यात मिळतो तसा, चकचकीत, हलका. रामाजी ऐकेनात. त्यांना वॉकर म्हणजे आजारी माणसाची वस्तू वाटायची. माझी दांडी धरली की ते काम करताना दिसायचे. म्हणजे माझं काम हिरावून घेऊन त्यांनी ते आपल्या नावावर केलं. प्रश्न होता पुढची चाकं उचलली जाण्याचा. वच्छलाबाई काही रोज बसू शकत नव्हत्या. त्यांनी कुंपणाजवळचा चुनखडीचा एक दगड आणला, माझ्या पुढच्या अंगावर ठेवला आणि त्याच जाळ्याच्या फाटक्या तुकड्यानं करकचून बांधला. बघा, असा आला तो दगड.

संपूर्ण हिवाळा मी लॉनवर नुसती फिरले. इकडून तिकडं, तिकडून इकडं. पायाखाली गवत आणि माझ्याकडे पातं नाही. रोज सकाळी मला हे सहन करावं लागायचं. गवत वच्छलाबाई विळ्यानं कापायच्या आणि शेजारच्या शेळ्यांना द्यायच्या. शेळ्या फाटकावर पाय ठेवून माझ्याकडे बघायच्या. मी कोणत्या मापानं, कोणत्या विचारानं निवडलेली मशीन आणि माझं काय करून ठेवलं! मी कोणाची गाडी आहे का? काठी आहे का?

एक गोष्ट मात्र मला कळत होती आणि ती मी कोणाला सांगू शकत नव्हते. माणसाचा भार दांडीला कळतो. सुरुवातीला रामाजी माझ्यावर लोंबकळायचे. त्यांच्या डाव्या हाताचा कंप माझ्या चाकांपर्यंत यायचा. पुढं तो भार हलका होत गेला. एका सकाळी तर मला वाटलं, दगड पडला की काय. दगड होता तिथंच होता. मला आनंद झाला, फार आनंद झाला. लगेच मी पुन्हा रागवले, कारण माझी मोटर अजून आलेली नव्हती.

ती आली होळीच्या सुमारास. हेमराजनं मोटर बसवली, नवं पातं लावलं, इतकंच काय, पोटाखालचा कित्येक महिन्यांचा थरही खरवडून काढला. मी पहिल्यांदा गुणगुणले तेव्हा सगळे बाहेर धावत आले. रंजीता दगड सोडायला वाकली.

"दगड राहू दे," रामाजी म्हणाले. "अन् सरक. मी चालवतो."

"बाबा, पातं हाय आता तिले!"

"मंग? हात सुटला का बंद होते, तूच सांगतलं ना?"

त्यांनी चालवलं. गवतात पट्टे वाकडेतिकडे आले. दगडाच्या ओझ्यानं माझी आधीच दमलेली बॅटरी आणखी लवकर संपली. वळताना ते मला कुंपणावर घालायचे. पण त्या दिवसापासून लॉन कापायचं काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. रंजीता दारात उभी राहून माझ्या आवाजाकडे कान लावून असायची. आवाज चालू आहे म्हणजे बाबा उभे आहेत, हा तिचा हिशेब होता. माझाही तोच.

आणि मग मे महिन्यातली ती सकाळ. रंजीता ड्युटीवर गेलेली, वच्छलाबाई स्वयंपाकघरात. रामाजी मला घेऊन लॉनच्या मधोमध आले होते. ऊन चढू लागलं होतं. एवढ्यात माझ्या दांडीवरचा हात सुटला.

मी थांबले. पातं फिरायचं थांबलं आणि सगळीकडे शांत झालं. मित्रांनो, मला मागं वळून बघता येत नाही. दांडीवर हात नव्हता, भार नव्हता. पडले, हाच एक विचार माझ्या मनात आला. पुन्हा पडले, आणि आता पुन्हा ती खाट, ती खिडकी, ती भिंत. घरापुढच्या रस्त्यावरून कोणी चाललंय का, कोणी त्यांना बघतंय का, काही कळेना. एवढी चिडचिड केली मी जन्मभर, पण त्या वेळी राग नव्हता. भीती होती. माझ्यात थोडा जरी आवाज उरला असता तर मी वच्छलाबाईंना हाक मारली असती.

आवाज आला तो फाटकाकडून.

"हे मरळ कालची व्हय का वं मंगली? डोळे पाह्य तिचे!"

"काका, सकाळीच धरली जी," मासे विकणारी मंगली म्हणाली. "तुमाले कोण फसवन?"

"कल्ला उघड. दाखव मले."

स्वयंपाकघरातून वच्छलाबाई हातात पळी घेऊन धावत आल्या, कारण माझा आवाज बंद झाला होता. त्या दारातच थांबल्या. मी लॉनच्या मधोमध उभी, माझ्यामागं कोणी नाही, आणि रामाजी तिकडं फाटकावर. दोन्ही हातांत मासळी धरून, कल्ला उघडून बघत. मधलं सगळं गवत ते एकटे चालून गेले होते. कशालाही न धरता. वच्छलाबाईंनी त्यांना हाक मारली नाही, हाक मारली तर त्यांच्या ध्यानात येईल म्हणून. त्या पळीसकट पायरीवर बसून राहिल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या.

त्या दिवशी घरात मरळीचं कालवण झालं. रंजीता घरी येताच सगळी हकिगत तीनतीनदा सांगून झाली. हेमराजला फोन गेला. सगळे बोलत होते, हसत होते. आणि मी? मी लॉनवरच होते. अर्धं लॉन कापलेलं, अर्धं तसंच, पुढच्या अंगावर दगड, पोटात बॅटरी आणि वर मे महिन्याचं ऊन. दिवसभर. कोणाला माझी आठवण झाली नाही. अंधार पडल्यावर रंजीता मला आत घ्यायला आली तेव्हा बॅटरीला हात लाववत नव्हता. ती बॅटरी पुन्हा उठलीच नाही. नवी मागवायची आहे, असं सगळे म्हणतात. तोवर मी चपलांशेजारी उभी आहे आणि टॉवेल वाळवते आहे.

तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर मित्रांनो, तिची बॅटरी सावलीत ठेवा. तिचं पोट साफ करा. ओलं फडकं गुंडाळू नका आणि ती चालायच्या आधी गवतात हात फिरवून बघा. दुकानात निवडताना जेवढा विचार केला, त्याच्या अर्धा तरी घरी आणल्यावर करा. माझ्या वाट्याला आलेल्या सगळ्या हलगर्जीपणाबद्दल मी या घरावर रागवलेली आहे आणि रागवलेलीच राहणार आहे. ओलं फडकं, जाळं, दगड, विळा, यातलं मी काहीच विसरलेले नाही.

फक्त त्या दिवशी भर उन्हात मला तसंच टाकून रामाजी निघून गेले, त्याबद्दल मी एका शब्दानंही तक्रार करणार नाही.